पृथ्वी फिरते, तर मग तारे का हलत नाहीत?

२०२४ च्या डिसेंबरात मंगळ पुष्य नक्षत्रापाशी येऊन थबकला आणि उलटा चालू लागला. फेब्रुवारी संपत आला तेव्हा तो मागे सरकत सरकत पुनर्वसूच्या दोन तेजस्वी ताऱ्यांजवळ पोचला होता. तिथे तो पुन्हा थांबला आणि नेहमीच्या दिशेने निघाला. पंचांगात याला मंगळ वक्री झाला, मार्गी झाला असं म्हणतात. दर सुमारे ७८० दिवसांनी हे घडतं, आणि नेमकं त्याच काळात मंगळ सर्वांत तेजस्वी दिसतो.

ग्रह चालता चालता मागे का फिरतो? आकाशाच्या मध्यभागी पृथ्वी आहे की सूर्य, या वादाचं मूळ या साध्या प्रश्नात आहे.

शाळेत आपल्या वाट्याला या वादाची जी गोष्ट येते ती फार सोपी असते. पूर्वी लोक अडाणी होते, त्यांना पृथ्वी मध्यभागी वाटायची. मग कोपर्निकस आला, गॅलिलिओने दुर्बीण लावली, चर्चने त्याला छळलं, पण शेवटी सत्य जिंकलं. यात खोटं फारसं नाही, पण निम्मी गोष्ट गळालेली आहे. पृथ्वी स्थिर आहे म्हणणाऱ्यांकडे धर्मग्रंथांखेरीज निरीक्षणं होती, गणित होतं आणि काही प्रश्न असे होते की समोरच्यांना त्यांची उत्तरं देता येत नव्हती. त्यातला सर्वांत अवघड प्रश्न या लेखाच्या शीर्षकात आहे. तो सुटायला १८३८ साल उजाडलं.

टॉलेमीचं यंत्र

इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात अलेक्झांड्रियात क्लॉडियस टॉलेमीने जी रचना मांडली, ती पुढे जवळजवळ चौदाशे वर्षं टिकली. पृथ्वी जवळपास मध्यभागी. तिच्याभोवती एक मोठं वर्तुळ. त्या वर्तुळावर एक बिंदू फिरतो आणि त्या बिंदूभोवती छोट्या वर्तुळात ग्रह फिरतो. दोन्ही गती एकाच दिशेने असतील तेव्हा ग्रह पुढे जाताना दिसतो. छोट्या वर्तुळाच्या आतल्या बाजूला, म्हणजे पृथ्वीच्या जवळ आला की तो उलटा जाताना दिसतो. जवळ असल्यामुळे तेव्हा तेजस्वीही दिसतो. वक्री होणं आणि तेज वाढणं, दोन्ही कोडी एका फटक्यात सुटली.

हिशोब अजून नेमका बसावा म्हणून टॉलेमीने मध्यापासून जरा बाजूला एक काल्पनिक बिंदू घेतला. तिथून पाहिलं तरच गती एकसारखी दिसते. पुढच्या पिढ्यांना ही तडजोड फार खटकली. पण ग्रहणं आणि युत्या कामापुरत्या बरोबर येत होत्या, आणि ग्रहांच्या जागांची कोष्टकं बनवणाऱ्याला आणखी काय हवं असतं?

एका गोष्टीचं कारण मात्र या यंत्राला देता आलं नाही. मंगळ, गुरू आणि शनी नेहमी सूर्याच्या बरोबर समोर असतानाच वक्री असतात. बुध आणि शुक्र सूर्याला सोडून कधी दूर जातच नाहीत. प्रत्येक ग्रहाचं यंत्र वेगळं, तरी प्रत्येकात सूर्याचा हात का? टॉलेमीकडे याचं कारण नव्हतं. तो ते आकडे तसेच भरत होता.

घारी घरट्यात कशा परततात?

पृथ्वी स्थिर मानण्यामागचं दुसरं कारण रोजच्या अनुभवाचं होतं. पृथ्वी स्वतःभोवती फिरत असेल तर पुण्याच्या अक्षांशावरची जमीन ताशी सुमारे १५८० किलोमीटर वेगाने पूर्वेकडे धावायला हवी. मग वर फेकलेला दगड पायाशीच कसा पडतो? ढग पश्चिमेकडे मागे का पडत नाहीत? टॉलेमीने हाच मुद्दा मांडला होता.

आपल्याकडेही हा वाद रंगला, तो अगदी याच प्रश्नांवर. इसवी सन ४९९ मध्ये आर्यभटाने लिहिलं की नावेतून पुढे जाणाऱ्याला काठावरच्या स्थिर वस्तू मागे जाताना दिसतात, तसे स्थिर तारे आपल्याला पश्चिमेकडे जाताना दिसतात. म्हणजे फिरते ती पृथ्वी. वराहमिहिराने विचारलं, असं असेल तर आकाशात गेलेल्या घारी घरट्यात परततात कशा? ब्रह्मगुप्ताने विचारलं, उंच वस्तू कोसळत का नाहीत? लल्लाने बाणांचा आणि ढगांचा दाखला दिला.

इथे जरा थांबायला हवं, कारण व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या संदेशांनी घोळ घातला आहे. आर्यभटाने पृथ्वी स्वतःभोवती फिरते असं सांगितलं. ती सूर्याभोवती फिरते असं त्याने सांगितलेलं नाही. त्याचं ग्रहगणित पृथ्वीलाच मध्यभागी धरतं. भास्कराचार्यांचंही तसंच. ११५० च्या ‘सिद्धांतशिरोमणी’त त्यांनी पृथ्वीला आकर्षणशक्ती दिली, ती कशाच्याही आधाराशिवाय अवकाशात टिकून आहे असं ठामपणे सांगितलं, पण तिला जागेवरून हलवलं नाही. एक पाऊल पुढे गेला तो केरळचा नीलकंठ सोमयाजी. १५०० च्या आसपास त्याने मांडणी केली की ग्रह सूर्याभोवती फिरतात आणि सूर्य त्यांच्यासह पृथ्वीभोवती फिरतो. ही कल्पना लक्षात ठेवा. शंभरेक वर्षांनी युरोपात ती स्वतंत्रपणे पुन्हा उगवली आणि तिने कोपर्निकसवाल्यांची चांगलीच पंचाईत केली.

कोपर्निकसला काय मिळालं, काय नाही

निकोलस कोपर्निकसचं पुस्तक १५४३ मध्ये न्यूरेंबर्गला छापून झालं आणि त्याच वर्षी तो वारला. त्याचा मुख्य डाव असा. सूर्य मध्यभागी ठेवा. पृथ्वी ३६५ दिवसांत फेरी मारते, मंगळ ६८७ दिवसांत. पृथ्वी आतल्या वर्तुळावर आहे आणि जोरात आहे, म्हणून दर ७८० दिवसांनी ती मंगळाला गाठून पुढे जाते. ओलांडताना मंगळ मागे गेल्यासारखा भासतो. प्रत्यक्षात तो कुठेच मागे फिरत नाही.

आणि ओलांडण्याच्या त्या क्षणी सूर्य, पृथ्वी, मंगळ एका रेषेत असतात, म्हणून मंगळ सूर्याच्या बरोबर समोर दिसतो. टॉलेमीच्या प्रत्येक यंत्रात सूर्याचा हात का होता, ते आता कळलं. ते छोटं वर्तुळ म्हणजे आपल्याच पृथ्वीची फेरी होती, आपण ती प्रत्येक ग्रहाच्या नावावर वेगवेगळी खतवत होतो. माझ्या मते या सबंध इतिहासात याच्याइतका देखणा युक्तिवाद दुसरा नाही.

पण देखणा म्हणजे सिद्ध झालेला नव्हे. कोपर्निकसने ग्रहांच्या गती वर्तुळातच बसवायचा हट्ट सोडला नाही, त्यामुळे बारीक फरक भरून काढायला त्यालाही छोटी वर्तुळं लावावी लागली. मंगळाच्या जागा त्याच्या पद्धतीनेही कधी कधी काही अंशांनी चुकत. म्हणजे १५५० च्या सुमारास एखाद्या हुशार ज्योतिर्विदाने विचारलं असतं की मी पृथ्वी हलवली तर मला काय मिळेल, तर उत्तर होतं: रचना सुबक होईल, कोष्टकं फारशी सुधारणार नाहीत, आणि घारींच्या प्रश्नाला उत्तर तुमचं तुम्ही शोधा.

टायकोचे अजस्र तारे

आता मुख्य अडचण. अंगठा डोळ्यांसमोर धरून आधी एक डोळा मिटा, मग दुसरा. मागच्या भिंतीच्या पार्श्वभूमीवर अंगठा उडी मारतो. जागा बदलली की जवळची वस्तू दूरच्या वस्तूंच्या तुलनेत सरकलेली दिसते, याला पराशय म्हणतात. पृथ्वी सूर्याभोवती फिरत असेल तर जानेवारीत आपण जिथे असतो तिथून जुलैत जवळजवळ ३० कोटी किलोमीटर दूर असतो. एवढी जागा बदलल्यावर जवळचे तारे दूरच्या ताऱ्यांच्या तुलनेत सरकायला नकोत का? कुणालाच ते सरकलेले दिसले नव्हते.

ही शंका जुनीच होती. इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात सामोसच्या ॲरिस्टार्कसने सूर्य मध्यभागी ठेवला होता. त्याचं पुस्तक हरवलं, पण आर्किमिडीजने त्याची कल्पना नोंदवून ठेवली आहे. तारे इतके दूर आहेत की त्यांच्यापुढे पृथ्वीची सबंध कक्षा एका बिंदूसारखी, असं त्याचं म्हणणं होतं. कोपर्निकसनेही तेच उत्तर दिलं.

टायको ब्राहेचं समाधान झालं नाही. डेन्मार्कच्या राजाने दिलेल्या व्हेन बेटावर त्याने दुर्बिणीच्या आधीच्या काळातली सर्वोत्तम वेधशाळा उभारली होती. त्याची भिंतीएवढी उपकरणं साध्या डोळ्याने एका कलेपर्यंत, म्हणजे अंशाच्या साठाव्या भागापर्यंत, मोजमाप करत. तरीही त्याला पराशय सापडला नाही. मग त्याने उलटा हिशोब मांडला. पराशय एका कलेहून कमी हवा असेल तर तारे शनीपेक्षा निदान ७०० पट दूर असायला हवेत. शनी आणि ताऱ्यांमध्ये एवढी ओसाड जागा कशासाठी?

पण त्याचा खरा हुकमाचा पत्ता पुढे होता. तारे साध्या डोळ्याला टिंबासारखे नाही, छोट्या चकतीसारखे दिसतात. टायकोने तेजस्वी ताऱ्याची चकती साधारण दोन कला मोजली, मध्यम तेजाच्या ताऱ्याची एक कला. आता हे दोन आकडे शेजारी ठेवून पाहा. ताऱ्यावरून पाहिलं तर पृथ्वीची अख्खी कक्षा एका कलेहून लहान दिसते. पृथ्वीवरून पाहिलं तर तोच तारा दोन कलांचा दिसतो. अंतर दोन्हीकडून सारखंच. म्हणजे तो तारा पृथ्वीच्या अख्ख्या कक्षेच्या दुपटीहून मोठा! एकेक तारा एवढा की सूर्य आणि पृथ्वीमधलं सगळं अंतर तो पोटात घालेल, आणि सूर्य त्याच्यापुढे चिमुकला. कोपर्निकसला खरं मानायचं तर हे गिळावं लागणार होतं.

यावर कोपर्निकसचा पाठीराखा क्रिस्टोफ रोथमन काय म्हणाला? एवढे प्रचंड तारे असले तर त्यात बिघडलं काय, निर्मात्याची शक्ती अमर्याद आहे. इथे विज्ञानाचा आकडा घेऊन उभा होता तो पृथ्वी स्थिर मानणारा टायको, आणि देवाचा धावा करत होते ते सूर्यवाले. शाळेतल्या गोष्टीत हे पान नसतं.

टायकोने १५८८ मध्ये आपली मधली वाट छापली: ग्रह सूर्याभोवती, सूर्य पृथ्वीभोवती. नीलकंठाची आठवण झाली असेल. वक्री गतीचं कोडं यात कोपर्निकसइतकंच छान सुटतं, पृथ्वी हलवावी लागत नाही आणि अजस्र ताऱ्यांची गरज उरत नाही. त्या काळी मी असतो तर बहुधा याच पंथात असतो.

दुर्बिणीने काय दाखवलं

जानेवारी १६१० मध्ये गॅलिलिओला गुरूभोवती चार चंद्र दिसले. सगळंच काही पृथ्वीभोवती फिरत नाही, हे उघड झालं. पण वजनदार पुरावा त्याच वर्षाच्या अखेरीस शुक्राने दिला. टॉलेमीच्या रचनेत शुक्र नेहमी पृथ्वी आणि सूर्याच्या मधल्या पट्ट्यात असतो, म्हणून त्याची प्रकाशित बाजू आपल्याला कधीच पूर्ण दिसू नये, कोरच दिसावी. गॅलिलिओला दिसलं ते असं: शुक्र लहान असतो तेव्हा जवळपास पूर्ण गोल, आणि जसजसा मोठा होत जातो तसतशी त्याची बारीक कोर उरते. म्हणजे तो कधी सूर्याच्या पलीकडे असतो, कधी अलीकडे. तो सूर्याभोवती फिरतो. रोमच्या जेझुइट (कॅथलिक चर्चमधल्या एका धर्मसंघाच्या) ज्योतिर्विदांनी १६११ मध्ये आपल्या दुर्बिणींतून हे पाहिलं आणि मान्य केलं. टॉलेमी त्या दिवशी संपला.

फक्त टॉलेमी. टायकोच्या रचनेतही शुक्र सूर्याभोवतीच फिरतो, त्यामुळे त्याच्या कोरींनी टायकोचं काहीच बिघडलं नाही. गॅलिलिओने या तिसऱ्या पर्यायाकडे सरळ काणाडोळा केला. १६३२ च्या त्याच्या गाजलेल्या संवादात्मक ग्रंथाच्या शीर्षकातच जगाच्या ‘दोन’ प्रमुख व्यवस्था आहेत, टॉलेमीची आणि कोपर्निकसची. टायकोला त्याने पंगतीला बसूच दिलं नाही.

पृथ्वी हलते याचा म्हणून जो पुरावा त्याला सर्वांत आवडायचा, तो भरती-ओहोटीचा. पृथ्वीच्या दोन गतींमुळे समुद्राचं पाणी हिंदकळतं, असं त्याचं म्हणणं. या हिशोबाने दिवसातून एकदाच भरती यायला हवी. ती दोनदा येते हे मालवणच्या कुठल्याही मच्छीमाराने त्याला सांगितलं असतं. चंद्राचा संबंध त्याने धुडकावून लावला आणि तिथेच तो चुकला.

चर्चच्या बाजूने १६१५ मध्ये कार्डिनल बेलार्मिनने एका पत्रात भूमिका मांडली होती: पृथ्वी फिरते याचा खरा पुरावा असेल तर धर्मग्रंथांचा अर्थ नव्याने लावावा लागेल, पण असा पुरावा मला कुणी दाखवलेला नाही. वाक्य म्हणून हे वाजवीच आहे. पुढच्या कृतीबद्दल तसं म्हणता येत नाही. १६१६ मध्ये कोपर्निकसच्या पुस्तकावर दुरुस्त्या होईपर्यंत बंदी आली. २२ जून १६३३ रोजी सत्तरीला टेकलेल्या गॅलिलिओला गुडघे टेकून आपलं मत सोडावं लागलं, आणि १६४२ मध्ये मरेपर्यंत तो नजरकैदेत राहिला. पुरावा अपुरा असणं वेगळं आणि पुरावा शोधणाऱ्याचं तोंड बंद करणं वेगळं. दुसऱ्या गोष्टीला माझ्याकडे माफी नाही. (‘तरीही ती फिरतेच’ हे त्याचं तेव्हाचं वाक्य मात्र मागाहून चिकटलेलं दिसतं.)

कोष्टकांचा विजय

हा सगळा गोंधळ चालू असताना निकालाकडे नेणारं काम योहानेस केप्लर करत होता. टायकोची मंगळाची निरीक्षणं त्याच्या हाती आली होती. वर्तुळं जुळवून तो आठ कलांच्या फरकापर्यंत पोचला. दुसऱ्या कुणी तेवढ्यावर समाधान मानलं असतं. पण टायको आठ कला चुकणार नाही हे केप्लरला ठाऊक होतं, म्हणून त्याने वर्तुळच टाकून दिलं. १६०९ मध्ये त्याने मंगळाची कक्षा लंबवर्तुळ असल्याचं छापलं. १६२७ ला त्याची कोष्टकं आली. ७ नोव्हेंबर १६३१ रोजी बुध सूर्यबिंबावरून जाणार असं भाकीत करून तो १६३० मध्येच वारला. पॅरिसमध्ये पिएर गासेंदीने त्या दिवशी तो काळा ठिपका पाहिला. केप्लरचा अंदाज पाव अंशाच्या आत होता, जुनी कोष्टकं कित्येक अंशांनी हुकली होती. वाद कुणी जिंको, कामाला लोक केप्लरची कोष्टकं घेऊ लागले. १६८७ मध्ये न्यूटनने त्या लंबवर्तुळांमागचं बल सांगितलं आणि घारींचा प्रश्नही निकालात निघाला: घार, हवा, दगड, सगळे पृथ्वीची गती सोबत घेऊनच असतात.

मधल्या काळात, १६५१ ला, जोव्हानी बातिस्ता रिच्चोली या जेझुइटाने पृथ्वीच्या गतीच्या बाजूचे ४९ आणि विरोधातले ७७ मुद्दे एकत्र केले. त्यातला एक तर ऐकण्यासारखा आहे. पृथ्वी स्वतःभोवती फिरत असेल, तर उत्तरेकडे डागलेला तोफगोळा किंचित बाजूला वळायला हवा. तो वळताना दिसत नाही, म्हणून पृथ्वी फिरत नाही. तर्क अचूक होता. गोळा खरोखरच वळतो, फक्त इतका थोडा की तेव्हाच्या तोफांना ते दिसणं शक्य नव्हतं. याचं गणित पुढे १८३५ मध्ये गास्पार कोरिओलिसने मांडलं.

विकलेचा तिसरा भाग

पृथ्वी सूर्याभोवती फिरते याचा पहिला थेट पुरावा चुकून सापडला. इंग्लंडमध्ये जेम्स ब्रॅडली १७२५ पासून कालेय तारकासमूहातल्या एका ताऱ्याचा पराशय शोधत होता. तारा हलला, वर्षभरात २० विकला इकडे आणि २० तिकडे. (विकला म्हणजे कलेचा साठावा भाग.) पण हलण्याचे महिने चुकीचे होते, पराशयाच्या अपेक्षेपेक्षा तीन महिने पुढेमागे. ब्रॅडलीने यथावकाश उलगडा केला. प्रकाश दुर्बिणीच्या नळीतून खाली येईपर्यंत दुर्बीण पृथ्वीसोबत पुढे सरकलेली असते, म्हणून ती किंचित कलती धरावी लागते. पृथ्वी सेकंदाला सुमारे ३० किलोमीटर धावते, तिची दिशा वर्षभर बदलते, आणि तसा तो कलही बदलतो. स्थिर पृथ्वीवर हे होणं शक्य नाही.

टायकोच्या अजस्र ताऱ्यांचा उलगडा १८३५ मध्ये जॉर्ज एअरीच्या गणिताने झाला. ताऱ्याची चकती ही ताऱ्याची नसतेच. प्रकाशाच्या लहरी छोट्या छिद्रातून जाताना पसरतात, मग ते छिद्र दुर्बिणीचं असो की डोळ्याचं, आणि टिंबाची चकती होते. व्याधाचा खरा आकार विकलेच्या शंभराव्या भागाहून लहान आहे. टायकोने मोजल्या होत्या १२० विकला.

आणि १८३८ मध्ये क्योनिग्जबर्गला फ्रेडरिक बेसेलने हंस तारकासमूहातल्या ६१ क्रमांकाच्या अंधूक ताऱ्याचा पराशय मोजला: विकलेचा जेमतेम तिसरा भाग. टायकोच्या आवाक्यापेक्षा जवळजवळ दोनशे पट बारीक. तो तारा सुमारे ११ प्रकाशवर्षं दूर आहे. टायकोचा प्रश्न योग्य होता. त्याला अंतराचा अंदाज आला नाही, आणि तो त्या काळी कुणालाच येणं कठीण होतं.

तोवर रोमनेही हात मागे घेतला होता. १८३५ च्या बंदी घातलेल्या पुस्तकांच्या यादीत कोपर्निकस आणि गॅलिलिओ ही नावं राहिली नाहीत. पुढच्याच वर्षी, १८३६ ला, भोपाळजवळच्या सिहोरमध्ये सुबाजी बापूंनी मराठीत ‘सिद्धांतशिरोमणिप्रकाश’ लिहिला. त्यात त्यांनी पुराणांतलं जग, सिद्धांतग्रंथांतलं जग आणि कोपर्निकसचं जग शेजारी शेजारी ठेवून तपासलं: भास्कराचार्यांच्या आधाराने आधी सपाट पृथ्वी मोडीत काढली, मग कोपर्निकसची बाजू घेतली. ते हे लिहीत होते तेव्हा ताऱ्याच्या पराशयाचा खात्रीचा आकडा जगात कुठेच छापून आलेला नव्हता. बेसेलला अजून दोन वर्षं होती.